दोन खोल्यांची पेटी

उंदरांशी बोलू नये, असा नियम त्या प्रयोगशाळेत कुठंही लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. उंदरांशी बोलणारं माणूस इथं नोकरीला लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसावं. ताई लागली.

तिला सगळे ताईच म्हणत. वयानं तिच्याहून मोठे होते तेही. एकदा एखाद्या बाईला हे नाव चिकटलं की तिची सुटका नाही. दोघांचं वाजलं की समेट घडवायचा ताईनं, केक आला की सुरी शोधायची ताईनं, आणि रविवारी सकाळी उंदरांना पाणी घालायला यायचं तेही ताईनंच. तिची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर उंदरांच्या त्या कुबट वासाच्या खोलीत तिला बरं वाटायचं, कारण तिथं दुसरं कुणी फिरकत नसे.

काम असं होतं. हाड मोडल्यावर किंवा मोठ्या ऑपरेशननंतर ज्या जबर गोळ्या देतात, त्या दुखणं पळवून लावतात खऱ्या, पण जाता जाता कधीकधी माणसालाही घेऊन जातात. दुखणं जावं आणि माणूस मागं राहावा, असं औषध वरच्या मजल्यावरचे रसायनवाले बारा वर्षं शोधत होते. त्यांनी बनवलेलं छोट्या बाटल्यांतून खाली यायचं आणि ताईच्या हातून उंदरांच्या अंगात जायचं. बाटल्यांवर नुसते आकडे. कुठल्या बाटलीत नवं औषध, कुठल्या बाटलीत जुनं आणि कुठल्या बाटलीत साधं मिठाचं पाणी, हे मोठ्या मॅडमच्या कपाटात बंद पाकिटात. टोचणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की हात पक्षपात करतो.

दुखणं थांबतं की नाही, हे बघणं सोपं होतं. अवघड होती दुसरी परीक्षा. तिच्यासाठी एक पेटी होती, पेटीला दोन खोल्या. एकीच्या भिंतींवर काळे-पांढरे पट्टे आणि खाली खरखरीत जाळी. दुसरीच्या भिंती राखाडी आणि तळ गुळगुळीत. मध्ये सरकतं दार. एक दिवस उंदराला औषध टोचून पट्ट्यांच्या खोलीत अर्धा तास बंद करायचं, दुसऱ्या दिवशी मिठाचं पाणी टोचून राखाडी खोलीत. निम्म्या उंदरांना खोल्या उलट. असे आठ दिवस. नवव्या दिवशी काहीच टोचायचं नाही. मधलं दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. वरचा कॅमेरा मोजतो, उंदीर कुठल्या खोलीत किती वेळ थांबला. जिथं औषध मिळायचं त्या खोलीत तो नुसत्या आठवणीनं जाऊन बसला, तर औषध धोक्याचं. कागदोपत्री या परीक्षेला हातभर लांब नाव होतं. ताई तिला ओढीची परीक्षा म्हणायची.

जुन्या औषधाचे उंदीर नवव्या दिवशी काय करतात, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हातमोजे न काढताच बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली होती. ते सरळ त्या खोलीत जातात. कोपऱ्यात बसतात, हनुवटी खाली टेकतात आणि वाट बघतात. काही येत नाही. तरी बसून राहतात. ताईला हे बसणं ओळखीचं होतं. तिच्या धाकट्या भावाला तिनं औषधांच्या कपाटासमोर असंच बसलेलं पाहिलं होतं.

धाकटा सुतार. हातात जादू, तोंडात मस्करी. ताईच्या ताटातला घास उचलल्याशिवाय त्याचं जेवण पुरं होत नसे. सव्विसाव्या वर्षी परांचीवरून पडला, म्हणजे इमारतीला बांधतात त्या लाकडी माचावरून. खुब्याचं हाड मोडलं. गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत हाड सांधलं, गोळ्या राहिल्या. पुढं आई आजारी पडली, शेवटच्या आजारानं, आणि तशाच जबर गोळ्या तिच्यासाठी घरात आल्या. आई अकरा दिवस कण्हत होती. ताईला कळेना, एवढ्या गोळ्या देऊनही हिचं दुखणं हलत कसं नाही. आई गेल्यावर डबा आवरताना कळलं. डब्यात तापाच्या साध्या गोळ्या होत्या. धाकट्यानं बदलून ठेवलेल्या.

त्या दिवशी ताई त्याला जे बोलली ते इथं सांगत नाही. माणूस आपल्या माणसाला एकदाच तसं बोलतो. तो गेला आणि चार वर्षं त्याचा ठावठिकाणा नव्हता.

मग एका व्यसनमुक्ती केंद्रातून फोन आला. आता त्याला चौदा महिने झाले होते, एकही गोळी न घेता. एका फर्निचरच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यानं खोली घेतली होती आणि खाली खुर्च्या घासायचं काम करत होता. ताई दर रविवारी दुपारी डबा घेऊन जायची. तो जेवायचा, छान झालंय म्हणायचा, डबा घासूनपुसून परत द्यायचा. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. आईचं नाव दोघंही काढत नसत. एखाद्या खानावळीच्या मालकिणीशी वागावं इतक्या सभ्यपणे तो तिच्याशी वागायचा. तिला तिचा भाऊ हवा होता. ताटातला घास पळवणारा, तिची नक्कल करणारा, आगाऊ. हा शहाणासुरता पाहुणा घेऊन ती काय करणार होती?

त्यातून त्याचा खुबा पुन्हा बिघडला. सांधलेलं हाड आतून झिजत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल, आणि हिवाळ्याच्या आत, नंतर बदलायलाही काही उरणार नाही. धाकट्यानं सरळ सांगितलं, "गोळ्या घेणार नाही. आणि गोळ्यांशिवाय कापून घ्यायची माझी हिंमत नाही. राहू दे. लंगडत जगेन."

तेव्हा ताई बोलून गेली, "थांब की थोडा. आमच्याकडं एक औषध आहे. दुखणं थांबवतं आणि ओढ लावत नाही. वर्ष-दोन वर्षांत येईल बाजारात."

हे ती का बोलली? अर्धवट सत्य पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त घात करतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण ते ऐकून पाच वर्षांत पहिल्यांदा धाकट्यानं तिच्याकडं नीट बघितलं होतं. "खरंच, ताई?" म्हणाला होता. तेवढ्यासाठी तिनं काहीही सांगितलं असतं.

तेव्हापासून तो थांबला होता. डॉक्टरांची तारीख त्यानं दोनदा पुढं ढकलली. दर रविवारी पहिला प्रश्न तोच, "काय म्हणतायत तुझे उंदीर?" काठीशिवाय आता त्याला जिना उतरता येत नव्हता.

आणि उंदीर नापास झाले.

मॅडमनी पाकीट उघडलं, आकडे जुळवले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नव्या औषधाचे सगळेच्या सगळे उंदीर नवव्या दिवशी औषधाच्या खोलीत गेले होते. जुन्या औषधाइतकाच वेळ, काही तर त्याहून जास्त. "संपलं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी मी वर कळवते." रसायनवाल्यांपैकी एकजण खिडकीबाहेर बघत बसला. बारा वर्षं म्हणजे त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हापासूनची.

ताईला घरी जाववेना. उद्या रविवार. काय सांगणार होती ती त्याला? तिनं कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. आकड्यांत जे असतं ते मॅडमनी बघितलं होतं. तिला उंदीर बघायचे होते. कदाचित निरोप घ्यायचा होता. तिसरा उंदीर बघताना तिचा हात थांबला. तिनं तो पुन्हा बघितला. मग जुन्या औषधाचा एक लावला, मग पुन्हा नव्याचा.

जुन्या औषधाचे कोपऱ्यात जाऊन खाली पडत होते. नव्या औषधाचे त्या खोलीत जात होते हे खरं, पण बसत नव्हते. मागच्या पायांवर उभे राहत होते. नाक वर, झाकणाच्या डाव्या कोपऱ्याकडं. खाली येत, एक चक्कर मारत आणि पुन्हा त्याच जागी उभे राहत.

डाव्या कोपऱ्यातून ताईचा हात आत जायचा.

तिची कानशिलं तापली. त्या एका आकड्याच्या, म्हणजे नव्या औषधाच्या, बाटल्यांतलं टोचलं की उंदीर चीं करायचे. औषध आंबट असावं, चरचरत असावं. मिठाच्या पाण्याला चरचर नाही, जुन्या औषधालाही नाही. टोचून पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं, बाजूला व्हायचं एवढंच तिचं काम होतं. पण चीं केल्यावर तिच्यानं बाजूला होववत नसे. ती हात आत घालून दोन बोटांनी मानेवरून कुरवाळायची, "झालं रे माझ्या राजा, झालं झालं" म्हणत बसायची, तो शांत होईपर्यंत. दोन मिनिटं, कधी पाच. आठ दिवसांत प्रत्येकाला. कुणी बघत नव्हतं, आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं तिलाही वाटलं नव्हतं. उंदीर औषधासाठी गेले नव्हते. तिच्यासाठी गेले होते.

मॅडम निघण्याच्या तयारीत होत्या. ताईनं सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी पर्स खांद्यावरून खाली ठेवली नाही.

"हे तुम्हाला दिसलं, की दिसायला हवं होतं?"

भावाची गोष्ट मॅडमना माहीत होती तर! ताईला वाटत होतं, कुणाला माहीत नाही. असल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, हे फक्त आपल्यालाच माहीत नसतं.

"दोन्ही," ताई म्हणाली. "पण तुम्ही स्वतः बघा, मॅडम. मी काही बोलत नाही."

मॅडमनी उभ्याउभ्या तीन बघितले, मग खुर्ची ओढून आणखी सहा.

"काय शोधतायत ते तिथं?"

"माझा हात."

"बारा वर्षं," मॅडम हळू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "बारा वर्षं, तेरा माणसं, आणि तुम्ही कुरवाळत बसलात! नोकरीवरून काढायला हवं तुम्हाला."

"हो."

"आणि सांगितलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं."

"हो."

मॅडमनी पर्स एकदाची खाली ठेवली. "सोमवारचं पत्र मी एक महिना थांबवते. परीक्षा पुन्हा होईल. तुम्ही त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहायचं नाही."

काम मौनीकडं गेलं. मौनी हा त्यांचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ. दिवसाला त्याचे चार शब्द ठरलेले, त्यातले दोन 'हो' आणि 'नाही'. घरी बायकोशी बोलतो का, यावर प्रयोगशाळेत पैजा लागलेल्या होत्या. रसायनवाल्यांनी औषधाचा आंबटपणा काढला. नवे उंदीर आले. जुने तोवर नव्हते. प्रयोग संपला की उंदीर संपतात, हा मात्र लिहिलेला नियम होता. ताईला धुलाईच्या खोलीत बसवलं. महिनाभर तिनं काचेच्या बाटल्या घासल्या. भिंतीपलीकडं कोण चीं करतंय का, इकडं तिचा कान. हात साबणात आणि जीव भिंतीपलीकडं. एवढं मोठं काम आपल्या दोन बोटांनी बुडवलं, ही टोचणी होतीच, पण त्याहून मोठी एक गोष्ट तिला छळत होती. ती देवाकडं काय मागत होती? की त्या जिवांना कशाचीच ओढ लागू नये. ज्यांनी तिची वाट बघितली होती त्यांच्याच जातभाईंनी कुणाचीच वाट बघू नये.

परीक्षेच्या नवव्या दिवशी संध्याकाळी मौनी धुलाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुठंच बसत नाहीत," तो म्हणाला. "हिंडतात."

चार शब्द. दिवसाचा सगळा कोटा त्यानं तिच्यावर खर्च केला होता. ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मौनीनं कोपऱ्यातला टॉवेल तिच्या हातात दिला, तो भांडी पुसायचा होता.

रविवारी ती जिना चढून गेली तेव्हा धाकटा खिडकीपाशी एका खुर्चीचा पाय घासत बसला होता. चपला काढायच्या आधीच ती म्हणाली, "पास झालं."

त्याच्या हातातला सॅंडपेपर थांबला. चेहरा असा उजळला की ताईला तो दहा वर्षांचा दिसला. "मग कधी?"

वाटेत तिनं हे वाक्य दहा वेळा म्हणून बघितलं होतं. "नऊ वर्षं. दहाही लागतील. अजून मोठी जनावरं, मग निरोगी माणसं, मग आजारी. मध्ये कुठंही फसू शकतं."

"तू दोन म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"का?"

"तू माझ्याकडं बघितलंस म्हणून."

खुर्चीच्या पायावरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली. "कोपराला गूळ लावलास तू माझ्या," तो म्हणाला. "मी तुम्हाला फसवायचो तेव्हा मला निदान नशेचं कारण होतं. तुला काय कारण होतं गं?"

"मला तू हवा होतास," ताई म्हणाली. "अजून हवायस. हा डबा घासून देणारा नको, तू."

खाली कारखान्यात करवत सुरू झाली आणि थांबली. रविवारी कोण काम करत होतं कुणास ठाऊक.

"सकाळी डोळे उघडले की अजून मला तिची आठवण येते," धाकटा म्हणाला. "गोळीची. दुखणं थांबायचं ते सोड. पोटात गेली की घरी आल्यासारखं वाटायचं. जेवण तयार आहे, सगळे घरात आहेत, कुणी रागावलेलं नाही. असं रोज वाटायचं, ताई. दुसऱ्या कशानं एवढं वाटत नाही. तुझ्या डब्यानंही नाही. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलूस."

"ते तुझे उंदीर, जुन्या औषधाचे. दार उघडलं की जाऊन बसतात म्हणालीस. किती दिवस बसतात?"

"पुढंही रोज दार उघडत राहिलं, तर काही आठवडाभर. काही महिनाभर. मग हळूहळू हिंडायला लागतात. एक होता, तो नाही उठला."

"मी कितवा असेन?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाली. मग तिनं त्याला सांगितलं, डॉक्टरांशी ती बोलून आली होती. पाय सुन्न करायची सुई देता येते, पहिल्या दोन दिवसांचं दुखणं तीच बरंचसं खाते. जबर गोळ्या फक्त पाच दिवस, दिवसाला चार, मोजून. पुढं साध्या गोळ्या आणि बर्फाच्या पिशव्या. गोळ्या तिच्या ताब्यात. त्यानं तिच्या घरी राहायचं.

"आणि सहाव्या दिवशी मी मागितली तर?"

"नाही म्हणेन."

"मी ओरडेन. शिव्या देईन."

"दे."

"ताई, त्या घरात त्या गोळ्यांचा डबा तू माझ्यासमोर ठेवणार? आईच्या डब्यात मी..." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं आईचं नाव घेतलं होतं.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "मी पण विसरलेले नाही. मी विसरले म्हणून बोलावत नाहीये तुला."

त्यानं सॅंडपेपर खिडकीत ठेवला. "डॉक्टरांना फोन लाव," शेवटी म्हणाला. "मी शब्द फिरवायच्या आत लाव."

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी तो ताईच्या घरी आला, चार पायांचा धातूचा वॉकर घेऊन, कुरकुरत. पुढच्या खोलीत त्याचा पलंग, स्वयंपाकघरातल्या कपाटात गोळ्या, कपाटाची किल्ली ताईच्या गळ्यात. दवाखान्यातले दोन दिवस धरून पाच दिवस पुरतील एवढ्याच गोळ्या, आणि अडीनडीला म्हणून दोन जास्तीच्या.

आणि काय सांगावं, धाकटा परत आला! नर्सची नक्कल काय, डॉक्टरांच्या चालीची नक्कल काय. "ताई, तुझ्या हाताला चव आहे गं," म्हणाला. आईसारखं पुटपुटत ताई कपडे वाळत घालते, असं म्हणून त्यानं तेही करून दाखवलं, आणि दोघं पोट धरधरून हसली, तो मध्येच "आई गं, टाके" म्हणत. चौथ्या दिवशी दुपारी ती त्याच्या पलंगाशी ताट घेऊन बसली होती, तर त्यानं हात लांबवून तिच्या ताटातला घास उचलला आणि तोंडात टाकला. नुसता टाकला, जसा काही मधली वर्षं झालीच नव्हती.

ताई उठून आत गेली. डोळे भरून आले होते. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. पुढच्या गोळीला बारा मिनिटं राहिली होती.

ती ओट्याला धरून उभी राहिली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. असं मनात यावं? पण आलं होतं, आणि एकदा आलं की ते जात नाही. तिच्या पावलांची चाहूल लागली की त्याचा चेहरा खुलायचा. कुणासाठी खुलायचा? किल्ली तिच्याच गळ्यात होती. तो तिच्याकडं बघतोय की किल्लीकडं, हे कुठला कॅमेरा सांगणार होता? आईच्या आजारपणातही तो असाच गोड वागायचा. आईचे पाय चेपायचा, तिला हसवायचा, आणि हसता हसता डबा उघडायचा. ताईला तेव्हाही वाटलं होतं, किती जीव लावतो हा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं शेवटची गोळी दिली. सहाव्या दिवशी सकाळी, तो झोपेत असताना, उरलेल्या दोन गोळ्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेऊन परत केल्या, दुकानदाराची सही घेतली. घरी येऊन कपाट उघडलं आणि दोन्ही दारं सताड उघडीच ठेवली.

"एकसुद्धा नाही?" धाकट्यानं विचारलं.

"एकसुद्धा नाही. दोन उरल्या होत्या, त्या दिल्या परत. साधी गोळी आहे, बर्फ आहे."

आधी तो हसला. मग विनवण्या केल्या. अर्धी दे म्हणाला, पाव दे म्हणाला. दुकानदाराला फोन कर म्हणाला. मग पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. प्लास्टिकचा होता, फुटला नाही, त्यामुळं त्याला आणखीच राग आला.

"तुला सूड उगवायचाय," तो म्हणाला. "आईचा. म्हणून आणलंस मला इथं. कण्हताना बघायला."

ताईनं खाली वाकून पेला उचलला. पाणी पुसलं. "बर्फ आणते," एवढंच म्हणाली.

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तो दिवस गेला, दुसरा गेला. ताट जसंच्या तसं परत येई. ती बर्फाची पिशवी ठेवे, तो घेई, पण तिच्याकडं बघत नसे. ती खोलीत आली की डोळे मिटून घेई. चाहुलीनं खुलणारा चेहरा गेला तो गेलाच. ताईला तिचं उत्तर मिळालं होतं, आणि असलं उत्तर मिळण्यापेक्षा ती बारा मिनिटं परवडली असती असं तिला वाटलं. मौनीकडून मॅडमचा निरोप आला होता, रजा हवी तेवढी घ्या. रजा घेऊन ती स्वयंपाकघरात बसून होती. शेजारच्या खोलीत तिचा भाऊ होता, दहा पावलांवर. तो चार वर्षं बेपत्ता होता तेव्हाही इतका लांब गेलेला नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी ती ओट्याजवळच्या टेबलाशी लसूण सोलत बसली होती. पलंग करकरला. मग वॉकरचा आवाज आला. टक, आणि पाय घासल्याचा आवाज. टक. डॉक्टरांनी त्याला न्हाणीघरापर्यंत चालायला सांगितलं होतं, तो तिकडंच जात असणार. न्हाणीघर डाव्या हाताला होतं. आवाज डावीकडं वळला नाही.

तो दारात आला. दाढी वाढलेली, घामानं सदरा चिकटलेला. त्यानं आधी कपाटाकडं बघितलं. दोन्ही दारं उघडी, आतली फळी रिकामी, डबासुद्धा नाही. तो बराच वेळ बघत राहिला. ताईनं त्याला बघू दिलं. सोललेली पाकळी तशीच बोटांत धरून ती बसली. तिला वाटलं, आता वळेल.

तो वळला नाही. दोन पावलं आत आला, वॉकर भिंतीला लावला, टेबलाची कड धरून, तोंड वाकडं करत, समोरच्या खुर्चीत बसला. श्वास घ्यायला त्याला वेळ लागला.

"तिकडं एकट्याला वेळ जात नाही," तो म्हणाला.

ताईनं मान हलवली.

"दे इकडं. किती साल ठेवतेस पाकळीवर."

तिनं लसणाची वाटी मध्ये सरकवली. घरात त्याला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत तिथंच बसला.